जोडलेली उपकरणे: सहा

१

नाव लालासाहेब असलं, तरी पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं मी दुसऱ्याच साहेबांच्या हाताखाली कारकून होतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. पलूसच्या कॉलनीत आमचं घर आहे. घरात मी, आमची राहीबाई आणि टीव्ही एवढीच बोलणारी मंडळी. त्यात मी सर्वांत कमी बोलतो.

इंटरनेटची मला गरज नव्हती. वर्तमानपत्र दारात येतं, वाचनालय चालत सात मिनिटांवर आहे, आणि जगात काय चाललंय हे उशिरा कळल्यानं माझं आजवर काही अडलेलं नाही. पण आमची एकुलती लेक राजेश्वरी सांगलीला दिलेली आहे. जावई इंद्रजित फौजेत, यंदा तिकडं वर थंडीत. ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरात बसून करते, आणि तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, यावर आमच्याकडं कुणी वाद घालत नाही. तिच्या सासूबाईंनी घातला.

"येऊ दे की माहेरी," विहीणबाई फोनवर म्हणाल्या, "पन तिचं कॉम्प्युटरचं काम हाय. आमच्या सांगलीत नेट कसं पळतंय! तुमच्याकडं पलूसला रेंजसाठी गच्चीवर जावं लागतंय म्हनं. आता सातव्या म्हयन्यात पोरीनं जिना चढायचा का?"

राहीबाईनं फोन ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. तसं पाहणं तेहतीस वर्षांत एकाही कार्यकारी अभियंत्याला जमलं नव्हतं.

"आवं, त्ये नेट कवा बसवताय?"

"बघू."

"बघू न्हाई. डिंक आनलाय, अळीव आनलंय, मागली खोली रंगवून घेतलीय. त्या एका डबड्यापायी माझी पोरगी तिकडं बाळंत झाली, तर तुमचं जेवान बी तुमी गच्चीवर जाऊनच हुडकायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चांदसाहेबाला बोलावलं.

२

चांदसाहेब तांबोळी म्हणजे आमच्या भागाच्या करमणुकीचा चालता इतिहास. आधी त्याचं कॅसेटचं दुकान होतं, मग त्यानं घरोघरी केबल ओढली, आता इंटरनेट देतो. केस पांढरे झाले, पण खांद्यावरचं वायरचं भेंडोळं तेच आहे. त्यानं भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केली आणि कपाळाला हात लावला.

"भाऊसाहेब, हे घर हाय का किल्ला?"

आमच्या गवंड्यानं, बिराप्पानं, आतल्या भिंतीसुद्धा नऊ इंची बांधल्या आहेत. माणूस प्रामाणिक होता. त्याची शिक्षा अजून आम्ही भोगतो.

"एका डब्ब्यानं भागायचं न्हाई," चांदसाहेब म्हणाला. "तीन लागतील. एक हॉलात, एक सैपाकघरात, एक मागल्या खोलीत. मोबाईल ज्या डब्ब्याजवळ असंल, त्यो डब्बा त्याला धरतो. तुमी चालत गेला की ह्यानं सोडायचं, त्यानं धरायचं. तान्ह्या पोरागत. ह्या कडेवरनं त्या कडेवर."

दुपारपर्यंत तीन पांढरे डबे बसले. प्रत्येकावर एक बारीक हिरवा दिवा. चांदसाहेबानं माझ्या मोबाईलमध्ये एक ॲप घातलं. घरात काय काय जोडलंय, आणि कोणती वस्तू कोणत्या खोलीतल्या डब्याला धरून आहे, ते त्यात दिसतं. मी भाषा मराठी केली. मराठी सरकारी होतं, त्यामुळं मला लगेच कळलं.

सर्वांत वर लिहिलं होतं: प्रशासक – लालासाहेब.

हा शब्द मी आयुष्यात हजारो वेळा टाइप केला असेल. माझ्या नावाशेजारी तो पहिल्यांदाच बसला होता. खोटं कशाला सांगू, मी चष्मा पुसून पुन्हा वाचला.

चांदसाहेब गेल्यावर मी नवी नोंदवही काढून रकाने आखले. अनुक्रमांक, उपकरणाचे नाव, खोली, शेरा. एक, माझा मोबाईल. दोन, राहीबाईचा मोबाईल. तीन, टीव्ही. चार, राजेश्वरीचा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर. पाच, प्रिंटर. शेवटचे दोन्ही मागच्या खोलीत. प्रिंटर मी निवृत्तीनंतर हौसेनं घेतला होता. छापायला काही नव्हतं, पण घरात असलेला बरा.

खाली रेघ मारली, एकूण पाच लिहिले, आणि ताळा करायला ॲप उघडलं.

जोडलेली उपकरणे: सहा.

सहावं होतं ‘अनोळखी’. खोली: मागची.

३

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. भुताकडं कागदपत्रं नसतात. माझा पहिला संशय शेजाऱ्यावर गेला. शेजारधर्मच आहे तो. मागच्या खोलीच्या भिंतीपलीकडं दादासो राहतात, निवृत्त सुभेदार.

"सुभेदार, आमचं नेट वापरताय काय?"

"लालासाब," ते खुर्चीत ताठ झाले, "सव्वीस वर्सं बॉर्डरवर काढली. दुसऱ्याच्या हद्दीत पाय ठेवला न्हाई." मग खिशातून बटणांचा फोन काढून माझ्यापुढं धरला. "ह्यात नेट घालून दावा. आर्धं तुमाला देतो."

चांदसाहेबाला फोन केला. तो म्हणाला, "पासवर्ड बदला, म्हंजे समदी बाहीर पडत्यात. मग एकेकाला आत घ्या." पासवर्ड कसा बदलायचा तेही त्यानंच सांगितलं.

राहीबाई भाजीला गेली होती. मी हॉलमध्ये एकटा बसून नवा पासवर्ड ठरवला. तो इथं सांगत नाही, नोंदवहीच्या पान तीनवर आहे. डब्यावरचा दिवा लाल झाला, थोडा वेळ लुकलुकला, हिरवा झाला. ॲप माझ्या सिमकार्डाच्या नेटवरही चालत होतं, म्हणून पासवर्ड माझ्या मोबाईलमध्ये घालायच्या आधी यादी बघितली. शून्य बघून बरं वाटेल, एवढाच हेतू.

जोडलेली उपकरणे: एक.

अनोळखी. मागची खोली.

नवा पासवर्ड तेव्हा जगात दोनच ठिकाणी होता: माझ्या डोक्यात आणि पान तीनवर. शाई वाळलेली नव्हती.

मी मागच्या खोलीत गेलो. ताज्या रंगाचा वास. पोरीसाठी मांडलेली कॉट, खिडकीखाली टेबल, त्यावर कॉम्प्युटर आणि प्रिंटर, फळीवर डबा. कुणी नव्हतं, आणि कुणी असायचं कारणही नव्हतं. खुर्ची मात्र टेबलापासून थोडी मागं होती, आणि कीबोर्डवर झाकायचं फडकं घडी करून बाजूला ठेवलेलं होतं. घडी चारपदरी होती. आमची राहीबाई तीनपदरी घालते. पस्तीस वर्षांत त्यात बदल झालेला नाही.

रंगारी बसला असेल खुर्चीत, मी म्हटलं. रंगारी आठ दिवसांपूर्वी गेला होता, हेही मीच म्हटलं.

४

आता पुढं मी जे केलं, ते कारकुनाशिवाय कुणी केलं नसतं.

कार्यालयाचा एक नियम असतो. कागद आला की आधी आवक क्रमांक टाकायचा. तो कुणाचा, कशाबद्दल, आपल्याकडं कसा आला, ते नंतर बघायचं. क्रमांक नसलेला कागद टेबलावर पडला, की जबाबदारी आपली. क्रमांक पडला, की जबाबदारी कार्यालयाची. या एका नियमावर मी तेहतीस वर्षं रात्री शांत झोपलो.

दोन दिवस माझ्या वहीत पाच आणि ॲपमध्ये सहा. ताळा लागेना. ‘अनोळखी’ या शब्दावर माझी नजर अडकून बसायची, जेवतानासुद्धा.

"काय बघताय सारखं त्या मोबाईलात?" राहीबाईनं भाकरी टाकत विचारलं.

"एक जास्त आहे."

"मग घ्या की लिहून. हाय त्ये हाय."

एवढं व्यवहारी मार्गदर्शन मला एकाही वरिष्ठाकडून मिळालं नव्हतं. वहीत सहावा क्रमांक टाकला. नावाचा रकाना रिकामा सोडणं मला जमत नाही. आमच्या सगळ्या तक्त्यांत शेवटी ‘इतर’ नावाची एक ओळ असायची, कुठंच न बसणारं सगळं तिच्यात बसायचं. तेच लिहिलं. वहीत आणि ॲपमध्ये दोन्हीकडं सारखं असावं, म्हणून ॲपमध्येही तेच टाइप केलं.

ॲपनं विचारलं: ‘इतर’ यांना घरातील सदस्य म्हणून मान्यता द्यायची का?

उपकरणाला ‘यांना’ म्हणायची पद्धत मला खटकली. भाषांतर करणाऱ्यांचं काही खरं नाही, असं मनात म्हणत मी ‘होय’ दाबलं.

ताळा लागला. त्या दुपारी मला छान झोप लागली.

त्यानंतर रोज एखादी सूचना यायची. ‘इतर यांची विनंती आहे. मान्य / अमान्य.’ बहुतेक जेवल्यावर, डोळा लागता लागता. आयुष्यभर मी साहेबांपुढं कागद ठेवत आलो, आणि एकाही साहेबानं न वाचता सही केल्याशिवाय तो परत दिला नाही. आता कागद माझ्यापुढं येत होता. मी वाचला असता, तर साहेब होण्यात अर्थ काय? आडवा पडल्या पडल्या मान्य करायचो. बरं वाटायचं.

५

आठवड्यानं माझ्या ध्यानात आलं, की सहाव्या ओळीतली खोली बदलते.

आधी ‘इतर’ कायम मागच्या खोलीत असायचं. आता सकाळी दहाला स्वयंपाकघर. बाराला परत मागची खोली. चार वाजता, आम्ही चहा घेताना, हॉल.

त्या दिवशी मी चहाचा कप धरून हॉलमध्ये बसलो होतो. समोर राहीबाई मालिका बघत होती. मध्ये एक खुर्ची, पाहुण्यांची. ती रिकामी होती. मी मोबाईलकडं पाहिलं, खुर्चीकडं पाहिलं, आणि मोबाईल उपडा ठेवला.

"आज तीन कप का केलेस?" मी विचारलं.

राहीबाईनं ट्रेकडं बघितलं. "आगं बया, खरंच की! चुकून. पोरगी येनार म्हनून मन तिकडंच लागलंय." तिनं तिसरा कप अर्धा अर्धा करून आमच्यात ओतला. "घ्या. उगं वाया जायला नगं."

दुसऱ्या दिवशीही तीनच होते.

मी प्रयोग केला. विवेक असणाऱ्या माणसानं प्रयोग करावा. ‘इतर’ स्वयंपाकघरात असताना मी तिथं गेलो. ते हॉलमध्ये गेलं. मी हॉलमध्ये गेलो; ते मागच्या खोलीत. मी तिथंही गेलो. या वेळी ते हललं नाही. कॉटच्या आणि टेबलाच्या मध्ये मी मिनिटभर उभा होतो. फळीवरचा डबा बारीक गुणगुणत होता. खोलीत आपण मध्येच येऊन कुणाचं तरी काम थांबवलं, की जी शांतता होते, ती होती. मी "बरं" म्हणालो आणि बाहेर आलो. कुणाला म्हणालो, याचा मी पुढं विचार केला नाही.

चांदसाहेब तपासायला आला. आधी हसला.

"भाऊसाहेब, जुना मोबाईल असंल कपाटात चालू."

"कपाटातला मोबाईल चहाला येतो का?"

त्यानं माझा फोन घेतला, सहावी ओळ दाबली, खाली खाली गेला. "प्रत्येक वस्तूला कंपनीचा नंबर असतोय. टीव्हीला हाय, प्रिंटरला हाय. ह्येला..." तो थांबला. मग त्यानं मान वर करून माझ्या शेजारच्या खुर्चीकडं पाहिलं. खोली: हॉल. त्यानं बशी अलगद खाली ठेवली. चहा अर्धा तसाच होता. चांदसाहेबानं चहा टाकलेला मी प्रथमच पाहिला.

"नेट तर चालतंय न्हवं?" चप्पल घालता घालता तो म्हणाला. "लय खोलात जाऊ नगा. येतो मी."

सोमवारी दुरुस्तीसाठी वीज गेली. इन्व्हर्टर तासाभरात दमला, तिन्ही डब्यांचे दिवे विझले. सुटलो, असं मी म्हणणार होतो. मग लक्षात आलं, की ते गेलेलं नाही. फक्त आता ते कोणत्या खोलीत आहे, हे मला कळत नाही. वीज येईपर्यंत मी भिंतीला पाठ लावून वर्तमानपत्र वाचलं. छोट्या जाहिरातींसकट.

राहीबाईला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर पोरीला या घरात पाऊल टाकू दिलं नसतं, आणि डिंकाचे लाडू डब्यात तसेच राहिले असते. ती रोज त्या डब्याचं झाकण उघडून नुसतं बघायची आणि परत लावायची. पोरगी शिकायला बाहेर पडल्यावर बारा वर्षांनी घरात कुणीतरी राहायला येणार होतं.

६

गुरुवारी राजेश्वरी आली. एकटी नाही, विहीणबाई सोबत होत्या. त्या हॉलमध्ये पर्स मांडीवर घेऊन बसल्या, म्हणजे मुक्काम नाही.

"अकराला हिची मीटिंग हाय," त्यांनी जाहीर केलं. "नेट चाललं तर ठेवते. न्हाईतर गाडी भायेर उभीच हाय."

राहीबाईनं देवापुढं दिवा लावला. माझ्या माहितीत इंटरनेटसाठी लागलेला तो पहिलाच.

राजेश्वरीनं मागच्या खोलीत लॅपटॉप उघडून पासवर्ड टाकला. पावणेअकरा झाले होते.

"आप्पा, हे काय म्हणतंय बघा. ‘प्रशासकाच्या मान्यतेच्या प्रतीक्षेत.’ तुमीच हाय न्हवं प्रशासक?"

"अर्थात," मी म्हणालो, आणि मोबाईल उघडला.

आपण सदस्य आहात. ही सुविधा केवळ प्रशासकांसाठी आहे. प्रशासक – इतर.

खाली एक यादी होती: ‘आपण मान्य केलेल्या विनंत्या – अकरा.’ पहिल्या दहा वाचायला वेळ नव्हता. आता वेळ आहे, पण वाचत नाही. अकरावी होती, ‘प्रशासकपदाचा कार्यभार हस्तांतरित करणेबाबत’. मान्यतेची वेळ दुपारी दोन दहा. माझी गाढ झोपेची वेळ.

"काय वो भाऊ?" हॉलमधून विहीणबाई. "डायवरला थांबवू का गाडी फिरवायला सांगू?"

स्वयंपाकघराच्या दारात राहीबाई उभी होती. हातात लाडवाचा डबा.

साहेब अडून बसला की कारकून काय करतो? अर्ज करतो. मी मोबाईलवर टाइप करायला बसलो.

‘प्रति, मा. महोदय/महोदया (लागू नसेल ते खोडावे), मागची खोली. विषय: कन्या चि. सौ. राजेश्वरी हिला घरातील नेटवर्कमध्ये जोडणी मिळणेबाबत. उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, कन्या सात महिन्यांची गरोदर असून बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. जोडणीअभावी तिला परत जावे लागेल व तिच्या आईस क्लेश होतील. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही विनंती. आपला विश्वासू, लालासाहेब, सदस्य.’

आणि छपाईचं बटण दाबलं.

मागच्या खोलीत प्रिंटर खाकरला. "आप्पा, कायतरी छापतंय," राजेश्वरी म्हणाली. मी तिच्या आधी पोचलो. एक कागद आला: माझा अर्ज. मी हात पुढं केला, तोच दुसरा येऊ लागला.

तोही माझाच अर्ज होता. फक्त ‘महोदय’ खोडलेलं होतं. ‘महोदया’ही खोडलेलं होतं. आणि खाली, समासात, एकच शब्द: मान्य. सहीच्या जागी काही नव्हतं, पण कागद तेवढ्याच ठिकाणी ओलसर होता.

लॅपटॉपनं टुंग केलं.

"आलं!" राजेश्वरी ओरडली. विहीणबाई पर्ससकट उठून आल्या, आणि तिनं त्यांना वेगाचा आकडा दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"आमच्यापरास जास्त दावतंय की वो," त्या म्हणाल्या, आणि गाडी रिकामी कशी परत न्यायची म्हणून पाच किलो गूळ घेऊन गेल्या.

राहीबाईनं त्या दिवशी माझ्या ताटात दोन लाडू वाढले. मी ते खाल्ले. अर्ज आवक-जावक दोन्हीकडं नोंदवला आणि दप्तरी ठेवला.

७

राजेश्वरीनं येताना दोन वस्तू आणल्या होत्या: लॅपटॉप आणि मोबाईल. सहा अधिक दोन, आठ. मी शनिवारी वही उघडली.

जोडलेली उपकरणे: नऊ.

नववी ओळ बिननावी होती. त्यात ‘अनोळखी’सुद्धा नव्हतं, नुसती एक आडवी रेघ. खोली: मागची. राजेश्वरी तिथंच काम करत होती.

विहीणबाई काही विसरल्या असतील, मी म्हटलं. मग राजेश्वरी उठली. लॅपटॉप टेबलावर, मोबाईल कॉटवर चार्जिंगला. ती स्वयंपाकघरात आईकडं गेली. नववी ओळ स्वयंपाकघरात गेली. ती हॉलमध्ये आली. नववी ओळ हॉलमध्ये आली.

मी तिच्याकडं नीट पाहिलं. हातात काही नव्हतं. एक हात कमरेवर, एक पोटावर.

"काय बघताय आप्पा?"

"काही नाही. बस."

ती पाहुण्यांच्या खुर्चीत बसायला गेली, मी म्हणालो, "तिथं नको, इकडं बस," आणि माझी खुर्ची दिली.

मग मी नववी ओळ दाबली. सदस्य म्हणून मान्यता: दिली. मान्यता देणारे: इतर. नाव: आणि पुढं ती रेघ.

आमच्याकडं पोटातल्या लेकराला नाव ठेवत नाहीत. झबलं शिवत नाहीत, पाळणा आणत नाहीत. बाराव्या दिवशी आत्यानं कानात सांगायचं, तेव्हा ते नाव. तोवर रकाना रिकामा असतो, आणि तो तसाच असला पाहिजे. पण रिकाम्या रकान्यात नाव भरल्यावर काय होतं, हे या घरात मला एकट्यालाच माहीत होतं. मीच भरला होता एक. ज्यानं भरला, त्याच्या घरचं ते झालं.

दुपारी मी विषय काढला. "राजा, मी काय म्हणतो, नेटचा काही भरवसा नाही. तू आपली सांगलीलाच बरी."

ती हसली. "आप्पा, हितलं नेट एकदा बी अडलं न्हाई. मी बोलायच्या आधी पान उघडतंय."

राहीबाईनं मात्र लाटणं खाली ठेवलं. "सोताच्या पोटच्या पोरीला घालवून द्याय लागलाय व्हय? पोरीच्या सासूनं काय पाजलं तुमाला जाताना?"

खरं सांगायला हरकत नव्हती. फक्त ते कोणत्या वाक्यानं सुरू करायचं, ते सुचेना.

मग मी अर्ज केला. ‘नववे सदस्य यांचे नाव नोंदविण्याचा अधिकार आजोबांकडे राहणेबाबत.’ प्रिंटरनं माझी प्रत काढली आणि तो थांबला. दुसरा कागद आला नाही. संध्याकाळी स्मरणपत्र क्रमांक एक. रात्री जेवणाआधी स्मरणपत्र क्रमांक दोन. ॲपमध्ये एकच शब्द: प्रलंबित.

प्रलंबित म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको. साहेबानं आधीच ठरवलेलं असतं.

८

रविवारी सकाळी नऊला आम्ही तिघं हॉलमध्ये चहा घेत होतो. राहीबाईनं कप चार केले होते. चौथ्याबद्दल आता कुणी बोलत नाही. तो पाहुण्यांच्या खुर्चीसमोर ठेवला जातो आणि नंतर उचलला जातो. कधी भरलेला, कधी नाही.

मी मोबाईल उघडला. सहावी ओळ: इतर, मागची खोली. नववी ओळ: हॉल. ‘नाव’पुढची रेघ गेलेली होती. तिथं होतं: लिहिले जात आहे...

तीन टिंबं एकामागून एक उमटत होती.

मागच्या खोलीतून आवाज आला. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक. राजेश्वरीच्या जुन्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड. मी त्याला ओळखतो. त्याचं प्रत्येक बटण दाबल्यावर जरा कुरकुरतं. एका बोटानं, अक्षर हुडकून हुडकून, पण घाई न करता कुणीतरी लिहीत होतं. मी नोकरीला लागलो, तेव्हा पहिले सहा महिने असंच टाइप करायचो.

"उंदीर हाय काय गं?" राहीबाई म्हणाली.

तेहतीस वर्षांत मी वरिष्ठांच्या हुकमाशिवाय एक फाईल बंद केली नव्हती. मी कप ठेवला, उठलो, दारामागच्या मेन स्विचपाशी गेलो, आणि खटका खाली ओढला. मग इन्व्हर्टरचाही.

पंखा घरघरत मंद झाला आणि थांबला. टीव्ही विझला. हॉलमधल्या डब्याचा हिरवा दिवा गेला.

"आवं, काय ह्ये! सकाळी सकाळी लाईट कशाला घालवली?"

"गप्प बस जरा," मी म्हणालो. लग्न झाल्यापासून हे वाक्य मी तिला पहिल्यांदाच म्हणालो, आणि ती गप्प बसली.

टक.

टक.

मी अक्षरं मोजली. आधीची दोन धरून चार. मग थोडं थांबून, त्याच्याहून मोठ्या बटणाचा आवाज, ओळ संपल्यावर दाबतात त्याचा. आणि खुर्ची मागं सरकल्याचा.

घरात काहीच वाजेना. राजेश्वरी एकदम सरळ बसली. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले, आणि तिचा चेहरा असा उजळला, की मी स्विचवरचा हात काढायला विसरलो.

"आई, हात ठेव, हात ठेव हितं! एवढं जोरात कधी हललं नव्हतं गं." ती हसत होती. "कुणी नावानं हाक मारल्यावर वळून बघतो ना आपण, अगदी तसं."